तंतू न तोडता

इंचभर जाडीची लाकडी पट्टी काटकोनात वळवायची, तर तिची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा दीड इंचाहून जरा जास्त आखूड व्हावी लागते. वळण ऐसपैस घ्या किंवा तंग घ्या, हा फरक तेवढाच राहतो. भूमितीचा हा हिशेब चुकवता येत नाही. लाकूड मात्र ताणून घ्यायला राजी नसतं. शंभर इंचांमागे एखाददुसरा इंच लांबवलं की बाहेरचे तंतू तुटायला लागतात. मग हा दीड इंच आणायचा कुठून? अमेरिकी लष्करी ट्रकच्या हौद्यावर ताडपत्री पेलणाऱ्या लाकडी कमानींचं सगळं सौंदर्य मला या प्रश्नाच्या उत्तरात दिसतं. आज कुणी आपल्या घरामागच्या शेडमध्ये मोडलेल्या कमानीच्या जागी नवी घडवायला बसतो, तेव्हा त्याला हेच उत्तर स्वतःच्या हातांनी पुन्हा मिळवावं लागतं.

मी म्हणतो ती कमान जीएमसी कंपनीच्या ‘सीसीकेडब्ल्यू’ या अडीच टनी ट्रकची. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. मिशिगनमधल्या पॉन्टिअ‍ॅकला आणि मिसुरीतल्या सेंट लुईसला त्यांचे कारखाने होते. नॉर्मंडीत उतरलेल्या फौजा १९४४च्या उन्हाळ्यात फ्रान्समधून इतक्या वेगानं पुढे सरकल्या, की इंधन आणि दारूगोळा मागे पडला. लोहमार्ग बॉम्बफेकीनं उखडलेले होते. मग २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या दिवसांत ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावानं ट्रकांची रांग रात्रंदिवस धावत राहिली आणि तिनं चार लाख टनांवर माल पुढे पोचवला. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्यांचंच सैन्य तेव्हा त्यांना वेगळ्या तुकड्यांत ठेवत असे. आपल्याकडे आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशामार्गे चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरही जीएमसीचे हे ट्रक धावले. या सगळ्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट आहे. हौद्यावरच्या कमानींपाशी मात्र कुणी थांबत नाही, आणि त्याला कारणही आहे. ताडपत्री घातलेली असते तेव्हा कमान तिच्याखाली झाकलेली असते, आणि ताडपत्री उतरवली की कमानीही उपसून बाजूला ठेवल्या जातात. न्याहाळून पाहणारे डोळे तिच्या वाट्याला फारसे आलेच नाहीत.

आधी तिचा घाट पाहू. बारा फुटी हौद्यावर अशा पाच कमानी एकामागे एक उभ्या राहतात. प्रत्येकीचे दोन पाय हौद्याच्या दोन बगलांना, ठरलेल्या खोबणीत उतरतात. पाय सरळ वर येतात, खांद्याशी वळतात आणि मग पाठ एका बगलेकडून दुसऱ्या बगलेकडे जाते. घाईनं पाहिलं तर ही उलटी ठेवलेली चौकट वाटेल. नीट पाहिलं की पाठ सपाट नाही हे कळतं. मध्यावर ती किंचित उचललेली असते. ही उचल नसती तर पावसाचं पाणी ताडपत्रीवर थबकलं असतं, दोन कमानींच्या मधे कापडाला पोट सुटलं असतं, आणि त्या ओझ्यानं आधी कापड आणि मग कमान गेली असती. इतक्या थोड्या उंचीत इतकं काम सामावलेलं पाहिलं की रचणाऱ्याच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. खांद्याचं वळणही तसंच. ते इतकं तंग नाही की कापडाला टोक लागावं, आणि इतकं ढिलंही नाही की आतली जागा खाल्ली जावी. आत बाकावर पाठ टेकून बसलेल्या सैनिकाच्या डोक्याला जेवढी मोकळीक हवी, तेवढं ते वळण वर जाऊन मगच झुकतं.

पाच कमानींच्या मधे चार मोकळ्या जागा. ताडपत्री प्रत्येक कमानीवर ताणली जाते आणि मधल्या जागेत जराशी बसते. पुन्हा ताणली जाते, पुन्हा बसते. जुन्या छायाचित्रांत या ट्रकांची रांग पाहताना जी लय जाणवते ती इथून येते. कापडाखालची कमान दिसत नसली तरी ती कुठे आहे हे कापड सांगत असतं. ताडपत्री म्हणजे इथे जाड सुती कॅनव्हास, आणि सुती कॅनव्हास ओला झाला की आवळतो. पाऊस लागला की पहिल्या आणि शेवटच्या कमानीला कापड आतल्या बाजूला ओढू लागतं. मधल्या तिघींना दोन्हीकडून सारखा ताण असतो, त्या सरळ उभ्या राहतात. कडेच्या दोघींना मात्र एकाच अंगानं ओढ सोसावी लागते. जुन्या संचांत पहिली आणि पाचवी कमान पायापासून थोडी कललेली सापडते ती या ओढीमुळे.

मग लाकूडच का? सरळ उत्तर असं, की युद्धात पोलाद हवं होतं रणगाड्यांना आणि जहाजांना. याच ट्रकचा हौदाही आधी पोलादी होता आणि पुढे पोलाद वाचवण्यासाठी लाकडी करण्यात आला. पण कमानीच्या बाबतीत लाकूड म्हणजे टंचाईतली तडजोड, असं मला वाटत नाही. अरुंद रस्त्यावर झाडाची फांदी कमानीला लागली तर लाकूड दबतं आणि परत जागेवर येतं. लोखंडी नळी दबली की दबलेलीच राहते, आणि पुढे तिच्यावर ताडपत्री कधीच नीट बसत नाही. लाकूड गंजत नाही, त्यामुळे कापडावर गंजाचे डाग आणि त्या डागांतून पडणारी भोकं टळतात. कडा रंध्यानं गोलवल्या की कॅनव्हास त्यांच्यावर घासून झिजत नाही. आणि मोडलीच, तर दुसरी करायला कारखाना लागत नाही. एक बरा सुतार पुरतो.

ही जाण ट्रकांपेक्षा फार जुनी आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात ‘कोनेस्टोगा’ नावाच्या मोठ्या मालगाड्या बनत. त्यांच्या बगलांवर वाकवलेल्या लाकडाच्या कमानी बसवून त्यांवर पांढरं कापड ओढलेलं असे. पुढे एकोणिसाव्या शतकात ओरेगनकडे निघालेल्या कुटुंबांच्या हलक्या गाड्यांवरही तशाच कमानी होत्या. त्यांतली अनेक कुटुंबं मिसुरीतल्या इंडिपेंडन्स या गावातून प्रवासाला निघत. जुनी लष्करी वाहनं जपणाऱ्यांची ‘मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन’ ही अमेरिकी संघटना आज याच इंडिपेंडन्समधून चालते. घोडे आणि बैल गेले, इंजिन आलं. हौद्यावरचं छत मात्र शंभर वर्षांनंतरही त्याच रीतीनं उभं राहत होतं.

कमान खऱ्या अर्थानं वाचायची तर मोडलेली हातात घ्यावी. ऐंशी वर्षांच्या कमानी दोन ठिकाणी हमखास जातात. एक म्हणजे पायाचा तळ. खोबणीत उतरलेल्या टोकाशी पाणी साचतं, आणि लाकडाच्या आडव्या कापातून पाणी जितक्या झपाट्यानं आत शिरतं तितकं ते बगलेतून शिरत नाही. टोक आतून मऊ पडतं. वरून रंग शाबूत असतो आणि आत भुसा झालेला असतो. ही मोड काळाची आहे, तिच्यातून घडवणाऱ्याबद्दल फारसं काही कळत नाही.

दुसरी मोड खांद्याच्या बाहेरच्या अंगाला होते, आणि ती मला अधिक बोलकी वाटते. तिथे लाकडाची एक ढलपी सुटून वर आलेली असते. ही ढलपी जिथून सुरू होते तिथे बारकाईनं पाहावं. बहुतेक वेळा तिथे तंतू पट्टीच्या लांबीशी समांतर राहिलेला नसतो. तो तिरका होऊन कडेतून बाहेर पडलेला असतो. करवतीनं फळी काढताना करवत सरळ गेली, पण झाड जरा पिळवटून वाढलेलं होतं. त्या तिरक्या जागी बाहेरची कड मुळातच कापलेली होती. वाकवताना ती कशीबशी तग धरून राहिली आणि पुढे कधीतरी, एखाद्या धक्क्यानं, सुटली. शेजारची कमान, त्याच कारखान्यातली, त्याच वर्षाची, धडधाकट असते; तिच्यात तंतू एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत अखंड गेलेला दिसतो. पाय, खांदा, पाठ, खांदा, पाय, आणि या सगळ्यातून कुठेही न तुटता वळत गेलेली एकच रेषा. या कमानीचा प्राण काय, असं मला कुणी विचारलं तर मी या रेषेवर बोट ठेवीन.

घरी नवी कमान करणाऱ्याचं काम म्हणून लाकूड निवडण्यापासून सुरू होतं, आणि अर्धी कमान तिथेच घडते किंवा बिघडते. अमेरिकेत या कामाला अ‍ॅश, हिकरी आणि पांढरा ओक ही झाडं नावाजलेली. अ‍ॅश हलका, चिवट आणि वाकायला मोठ्या मनाचा. बेसबॉलच्या बॅटी आणि हत्यारांचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या त्याचे होत. हिकरी त्याहून चिवट, पण जड. पांढऱ्या ओकच्या नलिका आतून बुजलेल्या असतात, म्हणून पाणी त्याच्यात सहज शिरत नाही. तांबडा ओकही छान वाकतो, पण त्याच्या नलिका उघड्या असतात आणि उघड्यावर राहणाऱ्या ट्रकमध्ये तो लवकर कुजतो. गाठ नको, पीळ नको, आणि भट्टीत वाळवलेली फळी शक्यतो नकोच. तिचा ओलावा फार खाली गेलेला असतो आणि वाफेनंही ती पुरती मऊ होत नाही. उघड्या हवेत सावकाश सुकलेलं, थोडी ओल राखून असलेलं लाकूड हवं. सगळ्यात उत्तम म्हणजे पाचर मारून उभं फाडलेलं. पाचर तंतूच्या वाटेनंच जाते, त्यामुळे तंतू मध्येच कडेबाहेर पडण्याचा प्रश्न उरत नाही. वखारीत फळ्या उलटसुलट करून, उजेडाकडे धरून, दहातली एक निवडणारा माणूस चिकित्सक वाटेल. मोडलेली कमान ज्यानं वाचली आहे त्याच्यापुढे दुसरा इलाज नसतो.

मग वाफ. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं जे द्रव्य असतं, लिग्निन, ते ओलाव्यात शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट होतं. एवढ्या एका गुणावर ही कला उभी आहे. फळ्यांची एक लांब पेटी, एका टोकाला वाफेची नळी, दुसऱ्या टोकाला वाफ निसटायला वाट, आणि आत पट्टी तळाला टेकू नये म्हणून खुंट्या. भिंतीवरचा कागद काढायला वापरतात ते वाफेचं घरगुती यंत्र अनेकांना पुरतं. पेटी कधीही हवाबंद करायची नाही. दाब वाढला तर ती फुटते आणि उकळती वाफ अंगावर येते. इंचभर जाडीला तासभर वाफ, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. फार वेळ ठेवूनही लाभ नाही, तंतू कमकुवत होतात. हा तास शांत असतो. साचा तपासावा, शिकंजे उघडून हाताशी मांडावे, हातमोजे घालावे. कारण पट्टी पेटीतून बाहेर आली की जेमतेम मिनिटभराचा अवधी मिळतो. लाकूड निवतं आणि पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येतं.

इथे तो दीड इंच पुन्हा समोर येतो. वळणाची आतली त्रिज्या आठ इंच धरली तर आतली कड साडेबारा इंचांची आणि बाहेरची चौदा इंचांहून थोडी जास्त. वाफवलेलं लाकूड लांबीच्या दिशेनं दाबलं तर पाव भागापर्यंतही आखडू शकतं, पण ताणलं तर अजूनही शंभरातला एखाददुसरा इंचच देतं. म्हणजे ताणायचं नाही, सगळं आखडवायचं. पण मोकळी पट्टी नुसती साच्यावर ओढली तर ती हे करत नाही. ती मध्यावर जशी आहे तशी राहते, आत थोडी आखडते, बाहेर ताणली जाते, आणि बाहेर फुटते. यावर उपाय म्हणून बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टा लावतात आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ठोकळे बसवतात. लाकडाची दोन्ही टोकं या ठोकळ्यांत अडकलेली असतात. आता बाहेरची कड लांबूच शकत नाही. सगळा भार आतल्या अंगावर जातो, आणि आतलं लाकूड स्वतःत आखडून घेतं. एकोणिसाव्या शतकात मिखाएल थोनेटनं वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या करताना हाच पट्टा वापरला. त्याची १८५९ची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. सुटे भाग करून अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. व्हिएन्नाच्या कॅफेतली ती नाजूक खुर्ची आणि चिखलातून जाणाऱ्या ट्रकची ही कमान, दोघींचा जन्म एकाच युक्तीतून.

पट्टा लावून वाकवताना जे घडतं ते पाहण्याजोगं आहे, आणि मला वाटतं या कारागिरीचा आस्वाद इथे शिगेला पोचतो. पट्टी मधून साच्यावर घट्ट धरायची, आणि दोघांनी दोन टोकं एकाच वेगानं खाली आणायची. घाई केली तर आतल्या अंगाला सुरकुती पडते, तंतू गोळा होऊन फुगतात. रेंगाळलं तर लाकूड निवतं. हाताला प्रतिकार जाणवतो, पण तो सारखा राहतो. मध्येच तो एकदम कमी झाला तर समजावं की कुठेतरी तंतू तुटला. म्हणून अनुभवी माणसं या वेळी बोलत नाहीत, कान देतात. खांदा वळला, शिकंजा बसला. दुसरा खांदा वळला, शिकंजा बसला. ओकसाठी लोखंडी पट्टा जस्ताचा मुलामा दिलेला किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा घेतात, नाहीतर ओकमधल्या टॅनिनमुळे लाकडावर काळे डाग पडतात. थंड झाल्यावर आतल्या कडेवर नखानं चाचपलं तर कळतं: जिथे साडेबारा इंचांत चौदा इंचांचं लाकूड बसलं आहे तिथे ते अधिक दाट, अधिक कठीण झालेलं असतं. तो दीड इंच कुठे गेला, तर तो इथेच, आतल्या कडेत दाटून आहे.

साच्यावरून काढलेली पट्टी थोडी उघडते. हे प्रत्येक लाकडाचं वेगळं असतं, एकाच फळीतून काढलेल्या दोन पट्ट्यांचंही वेगळं. म्हणून साचा हव्या त्या आकाराहून जरा जास्त वाकडा करतात, आणि पट्टी काढल्यावर दोन्ही पायांना आडवी दोरी किंवा पट्टी बांधून तिला पुरती सुकू देतात. इथे घाई करणाऱ्याच्या पाच कमानी पाच रुंदीच्या होतात.

वाफेची खटपट नको असणारे दोन आडवाटा घेतात. त्यांतली एक म्हणजे रुंद फळीवर वळण आखून ते करवतीनं कापून काढायचं. हे मला मान्य नाही, आणि ते मी स्पष्ट म्हणतो. वरून आकार तोच दिसतो, रंग दिल्यावर कुणाला कळणारही नाही. पण खांद्यावर तंतू वळणाला आडवे कापले जातात, आणि तिथे लाकूड थोड्याशा धक्क्यानंही मोडू शकतं. पहिल्या ओल्या ताडपत्रीला अशी कमान मान टाकते. आपल्याकडचा शेतकरी नांगरासाठी बाभळीचं वाकडं खोड शोधत रानभर हिंडायचा, कारण सरळ लाकडातून वाकडा नांगर कापला तर तो पहिल्या दगडाला मोडतो, हे त्याला ठाऊक होतं. झाडानं स्वतः घातलेलं वळण तो शोधायचा. अमेरिकी कारागीर वाफेनं ते वळण घालायचा. दोघांनीही तंतूचा मान राखला. कापून काढलेल्या कमानीत तो मान नाही.

दुसरी वाट पातळ पट्ट्यांची. चार-पाच पातळ पट्ट्यांना पाणी न लागणारा गोंद लावून त्या साच्यावर एकत्र आवळायच्या. प्रत्येक पट्टी पातळ असल्यानं थंडच वाकते, आणि गोंद सुकला की सगळ्या मिळून एक होतात. उघडण्याचं प्रमाण इथे पट्ट्यांच्या संख्येच्या वर्गानं कमी होतं: दोन पट्ट्या असतील तर वळणाचा चौथा हिस्सा उलगडतो, चार असतील तर सोळावा, पाच असतील तर फक्त पंचविसावा. एकट्यानं काम करणाऱ्याला ही रीत सोयीची, कारण ज्या मिनिटाची घाई वाफेत असते ती इथे नाही, आणि पाचही कमानी हुबेहूब सारख्या निघतात. तंतूही अखंड राहतो. या रीतीला मी कमी लेखत नाही. फक्त पुढची काही दशकं ऊन, पाऊस आणि थंडी झेलत गोंदाची प्रत्येक रेघ टिकली पाहिजे. वाफेच्या कमानीत टिकायला अशी रेघच नसते. ट्रक छपराखाली राहणार असेल तर ही कमान उत्तम. रोज उघड्यावर फिरणार असेल तर मी वाफेच्या बाजूनं मत देईन.

युद्धानंतर आलेल्या एम-३५ मालिकेच्या ट्रकांत कमानीच्या खांद्याला पोलादी जोड आला आणि लाकूड सरळ राहिलं. घरी करायला ही कमान फार सोपी. सरळ पट्ट्या कापा, जोडात बसवा. दुरुस्तीच्या दृष्टीनं हा बदल शहाणपणाचा होता यात शंका नाही. पण रसिक म्हणून मला तिच्यात वाचण्यासारखं फारसं सापडत नाही. जिथे सगळी कसोटी होती तो खांदाच लाकडाच्या हातून काढून घेतलेला आहे.

वाकवलेल्या पाच कमानी ट्रकवर चढवल्या की शेवटची पारख डोळ्यानं होते. मागच्या फाळक्याशी उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि पाचही पाठी एका रेषेत येतात का ते पाहायचं. एखादी दोन सूत वर असेल तर ताडपत्री तिथेच घासणार आणि तिथेच फाटणार. पाय खोबणीत बसायला हवे, पण ठोकून बसवावे लागतील इतके घट्ट नकोत. ओल लागली की लाकूड फुगतं आणि मग ते निघता निघत नाही. पायांच्या टोकांचे आडवे काप रंगानं नाहीतर जवसाच्या तेलानं पुन्हा पुन्हा बुजवावे, कारण जुनी कमान कुठे कुजली होती हे आपण पाहिलं आहे. मग सगळ्यावर लष्करी हिरवा रंग. निवडीत, वाफेत, साच्यावर ज्या रेषेसाठी इतकं केलं ती रंगाखाली जाते आणि त्यावर ताडपत्री येते. तरी घडवणारे ती रेषा सांभाळतात. कुणी पाहावं म्हणून हे होत नाही. तिच्याशिवाय कमान उभी राहत नाही म्हणून होतं.

आता या कामाला एक नवी अडचण आली आहे. २००२ साली मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळ, चकाकत्या हिरव्या पाठीचा एक लहानसा भुंगा अ‍ॅशच्या झाडांवर सापडला. तो मूळचा पूर्व आशियातला. मालाभोवतीच्या लाकडी खोक्यांतून आधीच्या दशकात तो आला असावा असं मानलं जातं. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरतात, रसाचा प्रवाह तुटतो आणि चार-पाच वर्षांत उभं झाड वाळतं. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश गेले. ज्या पॉन्टिअ‍ॅकला हे ट्रक बनले ते गाव डेट्रॉईटपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. सरळ वाढलेला, बिनगाठीचा, जाड बुंध्याचा अ‍ॅश मिळणं दरवर्षी कठीण होत चाललं आहे, आणि कमानीला नेमका तोच लागतो. हिकरी आणि ओक आहेत, काम अडणार नाही. पण मूळ कमान अ‍ॅशची असेल तर त्याच लाकडाची नवी करण्याची संधी आता थोड्याच वर्षांची आहे.

अमेरिकेत राहणारे अनेक मराठी वाचक मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, ओहायो या राज्यांत आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या शेजारी असा जुना ट्रक जपणारा माणूस असू शकतो. त्याच्यापर्यंत माझी विनंती पोचवावी. मूळ कमानींतली एक तरी, मोडकी का असेना, रंग न खरवडता ठेवावी. साचा जाळू नये; त्यावर मापं, लाकडाचं नाव आणि तो किती जास्त वाकवला होता ते लिहून ठेवावं. आणि चांगला अ‍ॅश हाती लागला तर गरजेपेक्षा दोन कमानी जास्त वाकवून छपराखाली टांगून ठेवाव्या.